प्लेगचा जंतू : आतड्यातून गाठीत आणि फुप्फुसात

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी ताप आणि काखेत, जांघेत गाठी असलेले रुग्ण आढळले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. हा खरोखर प्लेगच का, यावर तेव्हा बराच वाद झाला. पुढे २००० साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन केंद्राने जनुकीय तपासणीने जंतूची ओळख पक्की केली : येर्सिनिया पेस्टिस.

उर्दूत प्लेगला ताऊन म्हणतात. ताऊनच्या प्रदेशात जाऊ नये, तेथे असल्यास बाहेर पळू नये, ही हदीसमधील ताकीद आपल्या वाचकांना परिचित आहेच. सुरतेच्या संदर्भात तिचे महत्त्व विशेष जाणवते. कारण गाठीचा प्लेग मुख्यतः पिसूच्या चाव्याने होतो, तर फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. म्हणजे जंतू शरीरात कोठे वस्ती करतो, यावर साथीचे स्वरूप ठरते.

या जंतूचा पूर्वज येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस हा आतड्याचा जंतू आहे. तो दूषित अन्नपाण्यातून येतो आणि सहसा पोटाचे विकार करून थांबतो. आतड्याच्या पेशींना चिकटण्यासाठी त्याच्याजवळ खास प्रथिने असतात. प्लेगच्या जंतूत या प्रथिनांची जनुके अद्याप आहेत, पण मोडलेल्या अवस्थेत. २००१ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा अशी निकामी जनुके सुमारे दीडशे निघाली. पिसूला विषारी ठरणारे युरिएज हे विकरही असेच बंद पडले आहे. वाहकच मेला तर जंतू पोहोचणार कसा?

मिळवलेली जनुके मात्र मोजकीच. प्लाझ्मिड या लहान, सुट्या डीएनए-कड्यांवरून ती आली. त्यांतील वायएमटी हे जनुक जंतूला पिसूच्या आतड्यात जिवंत ठेवते. दुसरे पीएलए. त्याचे प्रथिन रक्ताच्या गुठळीचे जाळे विरघळवण्यास मदत करते. प्रयोगांत असे दिसले की, पीएलए मिळताच जंतू फुप्फुसात तीव्र रोग घडवू शकतो. परंतु फुप्फुसातून वा त्वचेखालून लसिकाग्रंथीपर्यंत आणि पुढे शरीरभर जोमाने पसरण्यास आणखी एक बदल कारणीभूत ठरला : या प्रथिनातील २५९ व्या स्थानी आयसोल्यूसिनऐवजी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल आले. एका अक्षराचा फरक! युरेशियातील सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत सापडलेल्या जंतूत पीएलए आहे, पण वायएमटी नाही.

वर्गात आपण सहज म्हणतो की जंतू नव्या अवयवात राहायला ‘शिकला’. हा शब्द टाळलेला बरा. जंतूला हेतू नसतो. डीएनएची नक्कल होताना चुका होतात, काही जनुके बाहेरून येतात आणि ज्या जंतूची संतती टिकते, त्याची चूक पुढे जाते. प्रगती म्हणजे भरच पडत जाणे, ही समजूतही येथे लागू पडत नाही, कारण या जंतूने गमावले ते कमावल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

दोन्ही प्रकारच्या प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके चालतात. मात्र गाठीच्या रुग्णाला उपचारासाठी काही दिवसांची सवड मिळते; फुप्फुसाच्या रुग्णाला लक्षणे दिसल्यापासून साधारण एका दिवसात औषध मिळाले नाही, तर तो क्वचितच वाचतो.