मिठी नदीची कोंडी
विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन निघणारी, सुमारे 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत अरबी समुद्राला मिळणारी मिठी नदी मुंबईकरांच्या लेखी कित्येक दशके निव्वळ नाला होती. एकोणिसाव्या शतकात विहारचे धरण बांधून तिचे वरचे पाणी शहराच्या पिण्यासाठी अडवले गेले, पुढे विमानतळाच्या विस्तारात तिचा प्रवाह धावपट्टीखालून काटकोनात वळवण्यात आला आणि वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या मुखाजवळच्या पाणथळ जमिनीवर भराव पडला. कुर्ल्याच्या भंगारवाड्यांत तेलाची व रसायनांची रिकामी पिंपे धुतली जात आणि ते काळे पाणी सरळ पात्रात जाई. तरीही सर्वांत मोठा वाटा होता तो प्रक्रिया न झालेल्या घरगुती सांडपाण्याचा, ज्याचे खापर मात्र सोयीस्करपणे झोपड्यांवरच फुटत आले.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भरतीमुळे पाण्याचा निचरा अडला, तेव्हा कुठे या नदीची आठवण झाली. त्यानंतर स्थापन झालेल्या प्राधिकरणाने गाळ उपसला, पात्र रुंद केले, काठांवर काँक्रीटच्या भिंती उभारल्या. भिंतींनी पूर आवरण्यास मदत होईलही, पण पाणी त्यांनी शुद्ध होत नाही. त्यासाठी नाल्यांचे कोरड्या ऋतूतील सांडपाणी, म्हणजे पाऊस नसतानाही वाहणारा मैला, नदीत पडण्याआधीच अडवून प्रक्रिया केंद्राकडे वळवावे लागते, आणि हे काम फार उशिरा हाती घेतले गेले.