चेंबर संगीतातील तंतुवादकांची कारकीर्द : मुंबईचा अनुभव आणि पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्टा

प्रस्तावना

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि या परिसराच्या औद्योगिक वाटचालीला वेग आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि पुढील काळात वाहन उद्योगाचा विस्तार चाकणपर्यंत पोहोचला. २०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांहून अधिक होती. या वस्तीत नाट्यगृहे उभी राहिली, संगीताचे वर्ग सुरू झाले आणि व्हायोलिन, सतार, गिटार शिकणाऱ्या मुलांची संख्याही वाढली. तथापि व्हायोलिनच्या चार-पाच परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी बारावीनंतर बहुधा अभियांत्रिकीकडे वळतो. वाद्याची गोडी कमी झाली, हे त्याचे कारण नसते. वाद्य वाजवून चरितार्थ कसा चालतो, याचे एकही उदाहरण त्याच्या घरासमोर, महाविद्यालयात किंवा शहरात दिसत नाही, हे खरे कारण होय.

प्रस्तुत लेखात चेंबर संगीत वाजविणाऱ्या तंतुवादकांची कारकीर्द कशी घडते, तिला कोणत्या संस्थांचा आधार लागतो व तो आधार नाहीसा झाल्यास काय होते, याचे विवेचन मुंबईतील वादकांच्या अनुभवाच्या आधारे केले आहे. त्या अनुभवातून औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांना काय घेता येईल, याचाही शेवटी विचार केला आहे.

चेंबर वादन : स्वरूप आणि कार्यपद्धती

मोठ्या वाद्यवृंदाऐवजी मोजक्या वादकांनी, संचालकाशिवाय, एकेका वादकाने एकेक स्वतंत्र भाग सांभाळून केलेले वादन म्हणजे चेंबर संगीत. त्याचा सर्वांत प्रस्थापित प्रकार स्ट्रिंग क्वार्टेट हा होय. यात दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशी चार गजवाद्ये असतात. हाताच्या खुणा करून लय सांभाळणारा कोणी नसल्यामुळे चौघांनी श्वास, नजर आणि गजाची हालचाल यांवरून एकमेकांचा अंदाज घ्यावयाचा असतो. त्यामुळे एका कार्यक्रमामागे दीर्घकाळाचा एकत्रित सराव असतो आणि चौघांपैकी एक जरी बदलला तरी हा सराव बऱ्याच अंशी नव्याने करावा लागतो.

या कामाच्या स्वरूपाचा अभ्यास संगीतशास्त्राबरोबरच व्यवस्थापनशास्त्रानेही केला आहे. कीथ मर्निघन आणि डोनाल्ड कॉनलन यांनी ब्रिटनमधील २० स्ट्रिंग क्वार्टेटचा अभ्यास करून १९९१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना या गटांत तीन अंतर्विरोध आढळले. पहिला नेतृत्वाचा : पहिला व्हायोलिनवादक पुढे असतो, पण निर्णयात चौघांचा अधिकार समान मानला जातो. दुसरा व्हायोलिनवादकाचा : त्याचे कौशल्य पहिल्याच्या तोडीचे असावे लागते, परंतु त्याने सतत त्याला साथ द्यावयाची असते. तिसरा मतभेदांचा : मतभेद दडपले तर वादन निर्जीव होते आणि ते ताणले तर गट फुटतो. यशस्वी गटांना या विरोधांची जाणीव होती, मात्र ते त्यांची उघड चर्चा करीत बसत नव्हते, असे या अभ्यासकांचे निरीक्षण आहे. तात्पर्य, चेंबर वादकाची कारकीर्द व्यक्तीइतकीच गटावर अवलंबून असते आणि गट टिकण्यास वर्षानुवर्षांचे स्थैर्य लागते.

खर्चाचे गणित

हे स्थैर्य तिकीटविक्रीतून का मिळत नाही, याचे उत्तर विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये मांडले. हा सिद्धान्त समजावून देताना आज स्ट्रिंग क्वार्टेटचेच उदाहरण सर्रास दिले जाते. पंचवीस मिनिटांची एखादी रचना वाजविण्यास हायडनच्या काळी चार वादकांची मिळून शंभर मिनिटे लागत. आजही तेवढीच लागतात. ती तीन वादकांत किंवा पंधरा मिनिटांत उरकता येत नाही. याउलट चाकणच्या एखाद्या वाहन कारखान्यात यंत्रमानव, सुधारित मांडणी व संगणकीय नियंत्रण यांमुळे प्रत्येक कामगारामागे होणारे उत्पादन वाढत जाते आणि त्या प्रमाणात वेतनवाढ देणे उद्योगाला परवडते. वादकालाही त्याच बाजारात घरभाडे द्यावयाचे असते. म्हणून त्याचे मानधन वाढावे लागते, मात्र त्याच्या उत्पादकतेत वाढ होत नाही. परिणामी प्रत्येक कार्यक्रमाचा सापेक्ष खर्च चढत जातो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उद्योग जितका संपन्न, तितके त्याच्या शेजारी राहून वाद्यावर पोट भरणे कठीण. औद्योगिक पट्ट्यातील सुबत्ता आपोआप संगीताकडे वाहत येईल ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते. ती वळवून आणावी लागते.

आश्रयाची परंपरा

युरोपातही चेंबर संगीत केवळ श्रोत्यांच्या पैशावर वाढले नाही. जोसेफ हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या सेवेत रुजू झाला. नियमित वेतन, हाताशी असलेले वादक आणि नवीन रचनांची सततची मागणी यांतून स्ट्रिंग क्वार्टेट या प्रकाराला प्रौढ रूप लाभले. १७९० मध्ये राजपुत्र निकोलाउसचे निधन झाले आणि त्याच्या वारसाने वाद्यवृंदातील बहुतेकांना निरोप दिला. एका व्यक्तीच्या मर्जीवर उभा असलेला आश्रय एका मृत्यूबरोबर संपला.

विसाव्या शतकात या आश्रयाची जागा संस्थांनी घेतली. बुडापेस्ट स्ट्रिंग क्वार्टेट १९४० पासून १९६२ पर्यंत अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसशी संलग्न होते. तेथील मैफिलींमागे एका संगीतप्रेमी महिलेने दिलेला कायम निधी व तिनेच भेट दिलेली स्ट्रादिव्हारी वाद्ये होती. पुढे अनेक विद्यापीठांनी क्वार्टेटला आपल्या विभागात सामावून घेतले. वादकांनी शिकवावे, विद्यापीठाने वेतन द्यावे आणि गटाने वर्षभर वाजवावे, अशी ही रचना होय.

मेहली मेहता : एका कारकिर्दीचा प्रवास

या रचनेचे महत्त्व मुंबईच्या मेहली मेहता (१९०८-२००२) यांच्या जीवनक्रमातून ठळकपणे दिसते. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले. त्यांच्या वाद्यवृंदात हौशी पारशी वादक, व्यावसायिक गोवेकर वादक आणि युरोपातून आलेले काही निर्वासित एकत्र बसत. १९४५ मध्ये ते न्यूयॉर्कला इव्हान गॅलॅमियन यांच्याकडे शिकावयास गेले, म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. भारतात परतल्यावर काही वर्षे त्यांनी मुंबईत काम केले. अखेर १९५५ मध्ये ते मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात दाखल झाले. १९५९ ते १९६४ या काळात फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये ते दुसरे व्हायोलिन वाजवीत होते. १९६४ मध्ये ते लॉस एंजेलिस येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन केले आणि अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुणांचा वाद्यवृंद उभारून तो १९९८ पर्यंत चालविला.

ज्या माणसाने मुंबईत वाद्यवृंद आणि क्वार्टेट दोन्ही उभे केले, त्याला पन्नाशीत परदेशी क्वार्टेटमध्ये दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची अधिक भरवशाची वाटली, हे या प्रवासातील मर्म आहे. मुंबईत प्रतिष्ठा होती, पण मासिक वेतन देणारी संस्था नव्हती. त्यांचे पुत्र झुबिन मेहता जगप्रसिद्ध संचालक झाले. त्यांचीही घडण व कारकीर्द प्रामुख्याने परदेशातच झाली.

गोव्याचे वादक आणि चित्रपटसृष्टी

मुंबईतील व्यावसायिक तंतुवादकांत गोवेकरांचा वाटा मोठा होता. पोर्तुगीज राजवटीत चर्चशी जोडलेल्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. स्वरलेखन वाचण्याचे हे कौशल्य मुंबईत त्यांच्या उपजीविकेचे साधन ठरले. मूकपटांची चित्रगृहे, हॉटेले, नृत्यवृंद आणि नंतर चित्रपटांचे ध्वनिमुद्रण कक्ष येथे त्यांना काम मिळाले. माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. चित्रपटांसाठी वादन व वाद्यमेळ-रचना करीत असताना त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन करून रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. साठच्या दशकाच्या मध्यास गोन्साल्विस अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. पुढे ते गावी परतले व २०१२ मध्ये निवर्तले.

चित्रपटसृष्टीने तंतुवादकांना काम भरपूर दिले. मात्र मोबदला ध्वनिमुद्रणाच्या सत्राप्रमाणे होता आणि बहुसंख्य वादकांची नावे श्रोत्यांपर्यंत पोहोचली नाहीत. सिंथेसायझर आणि बहुपथ ध्वनिमुद्रण यांचा प्रसार झाल्यावर नव्वदच्या दशकात मोठे तंतुवाद्यवृंद झपाट्याने कमी झाले. एस्टरहाझीच्या दरबारात जे एका मृत्यूने घडले, ते येथे एका तंत्रज्ञानाने घडविले.

आकाशवाणी आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया

हिंदुस्थानी संगीतातील व्हायोलिनवादकांना दुसरा आधार लाभला, तो आकाशवाणीचा. १९५२ मध्ये दिल्ली येथे आकाशवाणीचा वाद्यवृंद स्थापन झाला आणि पं. रविशंकर त्याच्याशी संचालक म्हणून संबंधित होते. पं. व्ही. जी. जोग (१९२२-२००४) आणि गायक-व्हायोलिनवादक पं. गजाननराव जोशी (१९११-१९८७) यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीतील सेवेचे स्थान महत्त्वाचे होते. मैफल अनिश्चित असली तरी महिन्याची मिळकत निश्चित असल्याने वादकाला रियाज आणि अध्यापन यांसाठी अवकाश मिळाला.

पाश्चात्त्य संगीताच्या बाबतीत मुंबईत १९६२ मध्ये जिनी दिनशॉ यांनी बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू केला. त्यानंतरचा मोठा टप्पा २००६ चा. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र अर्थात एनसीपीए येथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. त्यातील निवासी वादक वर्षभर चेंबर वादन करतात आणि मुलांना शिकवितात. परंतु आरंभापासून त्यातील बहुसंख्य वादक परदेशी आहेत. स्थानिक वादक पुरेसे नाहीत म्हणून परदेशी येतात, आणि नोकरीची खात्री नाही म्हणून स्थानिक तयार होत नाहीत, असे हे वर्तुळ आहे. ते लहान वयातील शिक्षणापासूनच तोडावे लागेल, या जाणिवेने संस्थेने अध्यापन हाती घेतले. पणजी येथे २००९ मध्ये डॉ. लुईस डायस यांनी सुरू केलेल्या चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशननेही वंचित मुलांना तंतुवाद्ये शिकविण्याचा मार्ग निवडला आहे.

औद्योगिक पट्ट्यातील शक्यता

वरील सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. जेथे वेतन, अध्यापन आणि नियमित वादन या तीन गोष्टी एकाच संस्थेत एकत्र आल्या तेथे कारकीर्द टिकली, आणि यांपैकी एखादी निसटली तेथे वादक एकतर परदेशी गेला किंवा त्याने व्यवसाय बदलला. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात सभागृहे आहेत, शिकणारी मुले आहेत आणि निधीची क्षमता असलेले उद्योगही आहेत. उणीव आहे ती या तिन्ही घटकांना जोडणाऱ्या संस्थेची.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांवर खर्च करावयाची असते. अनुसूची सातमध्ये शिक्षण तसेच कला व संस्कृतीचे जतन यांचा समावेश आहे. व्यवहारात संगीतासाठी मिळणारे उद्योगांचे साहाय्य बहुधा महोत्सवांच्या प्रायोजकत्वाच्या रूपात येते. महोत्सव तीन दिवसांत संपतो. वादकाला मात्र बारा महिने जगावयाचे असते.

या ठिकाणी महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदाविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाची नियुक्ती औपचारिक शैक्षणिक अर्हतेच्या अटीशिवाय करता येते, अशा नियुक्त्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत असू शकतात आणि त्यांचे मानधन उद्योगांच्या निधीतूनही देता येते. २०२३ मध्ये आयोगाने निवासी कलाकारांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे दिली. परिसरातील चार महाविद्यालयांनी प्रत्येकी एका तंतुवादकाची अशी नियुक्ती परस्पर विचारविनिमयाने केली तर एक क्वार्टेट उभे राहते. प्रत्येक वादक आपल्या महाविद्यालयात शिकवील, चौघे मिळून चारही ठिकाणी वाजवतील आणि सरावासाठी एक खोली सामायिक राहील. व्हायोलिन, सतार, सरोद व तबला अशा हिंदुस्थानी वाद्यांच्या गटालाही हीच रचना लागू पडेल.

या मार्गाच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. असे पद कायम नसते. त्याचा एकूण कार्यकाल साधारणतः तीन व अपवादात्मक परिस्थितीत चार वर्षांपर्यंतच असतो. अनुभवाच्या अटीमुळे नवोदित वादकाला ते मिळू शकत नाही. म्हणून ज्येष्ठ वादकांच्या नियुक्तीबरोबर तरुणांसाठी शिष्यवृत्ती आणि दोहोंच्या मागे एखादा कायम निधी असणे आवश्यक ठरते. अन्यथा चौघांचा सूर जमेपर्यंत मुदत संपलेली असेल.

समारोप

चेंबर वादकाची कारकीर्द केवळ त्याच्या गुणवत्तेवर उभी राहत नाही. दरबार, चर्च, आकाशवाणी, चित्रपटगृह, विद्यापीठ यांपैकी कोणत्या ना कोणत्या संस्थेने तिचा भार उचललेला असतो. मेहली मेहता यांना ती संस्था फिलाडेल्फिया व लॉस एंजेलिस येथे सापडली. चिंचवडमधील एखाद्या विद्यार्थिनीला बारावीनंतर व्हायोलिन कपाटात ठेवावे लागू नये, असे वाटत असेल तर ती संस्था तिच्या घरापासून बसच्या अंतरावर असावयास हवी. या परिसरात तशी संस्था होण्याची क्षमता महाविद्यालयांत आहे आणि त्याची सुरुवात एका सामायिक नियुक्तीच्या प्रस्तावापासून होऊ शकते.