शेवटच्या कडव्यातले नाव

नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या केळझरला धम्म मेळाव्यासाठी जाणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. पुस्तके आणि बुद्धमूर्तींच्या दुकानांच्या रांगेत भीमगीतांचा पेनड्राइव्हही मिळतो. गाणी किती, हे विक्रेता लगेच सांगतो. ती कुणी लिहिली, हे विचारून पाहा.

मार्क्सने वस्तूची दोन मूल्ये सांगितली. ती माणसाच्या काय उपयोगाची, हे उपयोगमूल्य. बाजारात तिच्या बदल्यात काय मिळते, हे विनिमयमूल्य. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरत होता, तेव्हा गाण्याला पहिले मूल्य अफाट होते. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांची चळवळ गाण्यातूनच पोहोचत होती. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे तर स्वतःच प्रौढपणी अक्षरे शिकले आणि हजारो गीते लिहून गेले.

१९८०च्या दशकात स्वस्त कॅसेट आली. भीमगीत घराघरांत वाजू लागले, गायकांना बिदागी मिळू लागली. याला वाईट कसे म्हणावे? पण कॅसेट ही विकायची वस्तू. ज्याच्याकडे यंत्र आणि वितरण, नफा त्याचा. गीतकाराने एकरकमी पैसे घेऊन हक्क लिहून दिला की पुढच्या प्रतींशी त्याचा संबंध संपला.

लोककवींकडे एक जुनी सोय होती. अभंगासारखे शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफायचे, मग गाणे कुणीही गावो, नाव सोबत जाणारच. आता तीस सेकंदांच्या रीलमध्ये फक्त मुखडा मावतो. गाणे वाजते, वामन गळतो.

कायदा मात्र गीतकाराच्या बाजूने आहे. कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे वामनदादांच्या गीतांवर तो २०६४ अखेरपर्यंत. २०१२च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गीताच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकाराला आपले वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याशिवाय कुणालाही लिहून देता येत नाही. नव्याने लिहिणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी सही करण्यापूर्वी एवढे तरी वाचावे, आणि आयपीआरएससारख्या संस्थेचे सदस्य व्हावे.

आणि आपल्या आयोजन समित्या? मंडप, साउंड, भोजनदान यांचा खर्च आधी ठरतो. कवी ‘आपलाच माणूस’ म्हणून शालीवर भागते. मंडपवालाही बहुधा आपलाच असतो. त्याचे बिल मात्र कुणी शालीत गुंडाळत नाही.