स्व, पर आणि परस्परमान्यता : मीरा-भाईंदरच्या संदर्भात एक विवेचन

माणसाला स्वत्वाचे भान एकट्याने येत नाही. त्यासाठी दुसऱ्याने त्याची दखल घ्यावी लागते, अशी मांडणी जर्मन तत्त्ववेत्ता हेगेल याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. त्याने वर्णिलेला धनी दासाकडून मान्यता सक्तीने मिळवितो. परंतु ज्याला आपण बरोबरीचा समजत नाही त्याने दिलेल्या मान्यतेला मोल उरत नाही, ही धन्याची खरी कोंडी होय. चार्ल्स टेलर यांनी १९९२ मध्ये हीच चर्चा भाषिक व सांस्कृतिक समूहांपर्यंत नेली. क्वेबेकमधील फ्रेंच भाषकांचा प्रश्न त्यांच्यासमोर होता.

तसाच प्रश्न मीरा-भाईंदरमध्ये उभा राहिला. जून २०२५ च्या अखेरीस मीरा रोड येथे मराठी बोलण्याच्या मुद्द्यावरून एका दुकानदारास मारहाण झाली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध नोंदविला. ८ जुलैला मराठी भाषकांचा मोर्चा निघाला, तेव्हा परवानगीच्या वादातून पोलिसांनी अनेकांना ताब्यात घेतले. आपल्याच राज्यात आपली भाषा दुय्यम ठरते, ही एका बाजूची व्यथा. वर्षानुवर्षे राहूनही परकेच मानले जाते, ही दुसरीची. वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या तक्रारींच्या मुळाशी नाकारलेली मान्यताच आहे.

मराठीचा आग्रह संकुचित म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. १९६४ च्या अधिनियमाने ती राज्याची राजभाषा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मात्र अ‍ॅक्सल होनेथ हक्काची मान्यता आणि सामाजिक आदर यांत भेद करतात. पाटी कायद्याने लावता येते (आणि ती लावलीच पाहिजे); भाषेविषयीचा आदर मारहाणीने मिळत नाही. भीतीपोटी उच्चारलेल्या मराठी शब्दात हेगेलच्या दासाचाच होकार असतो.

येथे महाडचे स्मरण होते. दोन्ही प्रसंग समान नाहीत. महाडला माणूसपणच नाकारले गेले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर अनुयायांवर हल्ले झाले, तरी त्यांनी प्रतिहल्ल्यास आवर घातला आणि पुढे न्यायालयात लढा दिला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ मध्ये लागला. या दहा वर्षांत समोरच्याला हीन ठरविण्याची गरज त्यांना भासली नाही. त्यांचा दावा बरोबरीचा होता.