ओझे ओढणाऱ्या पिकअपच्या आसासाठी योग्य वंगण

बैलगाडीच्या आखाला वंगण दिल्यावाचून जाणता गाडीवान लांबच्या प्रवासास निघत नसे. आख कोरडा पडला की त्याची कुरकुर लगेच कानी येई. पिकअप वाहनाच्या मागील आसाची गोष्ट निराळी आहे. त्यातील चक्रे बंद पेटीत फिरतात. या पेटीला गॅरेजमध्ये ‘हाऊसिंग’ म्हणतात. आतील वंगण संपले किंवा निकामी झाले तरी बाहेर काही दिसत नाही. घरघर ऐकू येऊ लागते, तेव्हा बहुधा चक्रांचे दात झिजलेले असतात.

सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद व जहिराबादवरून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ हा सीमाभागातील शेतमालाचा नित्याचा मार्ग आहे. हैदराबादच्या मलकपेठ बाजारात महाराष्ट्रातील कांदा जातो. अंतर सुमारे ३०० किलोमीटर असून एप्रिल-मे महिन्यांत उष्णतामान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पिकअपमध्ये माल भरलेला असतोच. काही वेळा मागे मळणी यंत्र, जनित्र किंवा छोटी ट्रॉलीही जोडलेली असते. अशा वेळी वाटेत आस निकामी झाल्यास नाशवंत माल वाया जातो. आतील बेअरिंग जाम होऊन मागची चाके अकस्मात अडकली, तर जीवितासही धोका संभवतो.

वंगणाचे कार्य

इंजिनची शक्ती लांब दांड्याने मागे येते व पिनियन या लहान चक्रामार्फत क्राऊन या मोठ्या चक्रास मिळते. बहुतेक पिकअप वाहनांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसविलेला असतो. या रचनेस हायपॉइड म्हणतात. तीत दात एकमेकांवर दाबले जातात, तसेच घासत सरकतात. ओढ वाढली की दाब वाढतो व तेलाचा थर दातांमधून पिळून निघू लागतो. म्हणून या तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. तापलेल्या दातांवर ती पातळ संरक्षक थर निर्माण करतात व धातूला धातू चिकटू देत नाहीत.

डब्यावरील दोन खुणा

दुकानात ‘नव्वद नंबर’ किंवा ‘एकशेचाळीस नंबर’ एवढेच सांगून तेल मागण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. डब्यावर दोन स्वतंत्र खुणा असतात व दोन्ही पाहणे आवश्यक आहे.

पहिली खूण दाटपणाची, उदाहरणार्थ एस.ए.ई. ८० डब्ल्यू-९० किंवा ८५ डब्ल्यू-१४०. ‘डब्ल्यू’ अक्षराचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा दर्शवितो. लडाखसारख्या प्रदेशात त्यास फार महत्त्व आहे. दख्खनच्या पठारावर दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा ठरतो. १०० अंश सेल्सिअस तापमानास ९० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक, तर १४० क्रमांकाच्या तेलाचा २४ ते ३२.५ सेंटिस्टोक असतो.

दुसरी खूण दाब सोसण्याच्या प्रतीची असते, म्हणजे जी.एल.-४ किंवा जी.एल.-५. हायपॉइड आसास सामान्यतः जी.एल.-५ प्रतीचे तेल लागते. हेच तेल गिअरबॉक्समध्ये घालणे मात्र उचित नाही. अनेक गिअरबॉक्समध्ये पितळी कडी असतात व काही जी.एल.-५ तेलांतील गंधकयुक्त संयुगांमुळे त्यांची हानी होऊ शकते. तेथे पुस्तिकेत सांगितलेली प्रतच वापरावी. ट्रॅक्टरचे तेलही पिकअपच्या आसात घालू नये. ते ट्रॅक्टरचे ब्रेक व हायड्रॉलिक यांचा विचार करून केलेले असते.

जाड तेल म्हणजे अधिक बळ नव्हे

ओझे जास्त तर तेल जाड, हा समज सर्वस्वी खरा नाही. गरजेपेक्षा जाड तेल घुसळण्यात शक्ती व इंधन खर्च होते, तेल अधिक तापते व गाडी सुरू होताच पुढच्या बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही. उलट, फार पातळ तेलाचा थर उष्णतेत व ओझ्याखाली टिकत नाही. म्हणून वाहनासोबतची पुस्तिका प्रमाण मानावी. तीत दोन क्रमांकांना अनुमती असेल, तर उन्हाळ्यातील सततच्या जड वाहतुकीसाठी त्यांपैकी अधिक दाट तेल घेणे इष्ट. कृत्रिम तेल उष्णतेत अधिक काळ टिकते. पुस्तिकेत त्यास मान्यता असल्यास जादा किंमत वाया जात नाही.

पातळी व देखभाल

गाडी सपाट जागी उभी करून भरणीचा बोल्ट काढावा. तेल सामान्यतः छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावे. कमी तेल लवकर तापते. जादा तेल चाकाजवळील सीलमधून निसटून ब्रेकच्या लायनरवर येऊ शकते व ऐन वेळी ब्रेक लागत नाही. हाऊसिंगवरील हवा जाण्याचे छिद्र, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बुजल्यासही हाच प्रकार घडतो.

ओढा ओलांडताना हाऊसिंग पाण्यात बुडाले असेल, तर तेल तपासावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले असे समजून त्वरित बदलावे. ओझे ओढणाऱ्या वाहनांसाठी पुस्तिकेत तेल बदलण्याची मुदत बहुधा कमी दिलेली असते, तीच पाळावी. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा नाल्यात न ओतता अधिकृत संकलकाकडे द्यावे.

वंगणाची मर्यादा

उत्तम वंगण आसाचे रक्षण करते; त्याची क्षमता वाढवीत नाही. नोंदणी पुस्तकातील भारमर्यादा व उत्पादकाने सांगितलेली ओढमर्यादा ओलांडल्यास कोणतेही तेल उपयोगी पडत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

पिकअपच्या आसात सामान्यतः काही लिटरच तेल मावते. एका क्राऊन-पिनियनच्या दुरुस्तीपुढे त्याचा खर्च नगण्य आहे. तेव्हा पुढील खेपेपूर्वी टायर व डिझेल यांच्याबरोबरच हाऊसिंगमधील तेलाची पातळीही पाहावी, आणि तेल घेताना नंबर व प्रत या दोन्ही खुणा डब्यावर वाचूनच घ्याव्यात.