फुल थ्रॉटलला इंजिन बंद पडतंय?
मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन आयडलला मस्त चालतं, फुल थ्रॉटल दिला की काही सेकंदांत गप्प! लो-एंड स्क्रूला लगेच हात लावू नका, तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. फुल थ्रॉटलवर इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडा. आरपीएम किंचित चढून उतरले तर मिश्रण ठीक. थेट कोसळले तर लीन (इंधन कमी), मेन नीडल थोडी उघडा. पीकपेक्षा 200-300 आरपीएम कमीच ठेवा, कारण उड्डाणात प्रॉपवरचा भार घटतो आणि मिश्रण आणखी लीन होतं. मग विमान घट्ट धरून नाक वर करा. आवाज बसायला नको. तरीही बंद पडलं तर टाकी उघडाच: क्लंकच्या (इंधन ओढणाऱ्या वजनदार टोकाच्या) नळीला बारीक भोक असू शकतं, आणि तिथून हवा ओढली जाते. आणि हो, नीडल फिरवताना उभं राहायचं ते प्रॉपच्या मागेच.