नोकरी किती मिनिटांवर?

सकाळी वर्धा स्टेशनवर उभे राहा. हातात डबा, खिशात पास आणि तोंडी एकच प्रश्न, 'गाडी टाइमावर आहे ना?' ही अप-डाऊनवाली मंडळी. नागपूर इथून सुमारे 80 किलोमीटर, पण विचाराल तर उत्तर येईल, 'तासाभरावर.'

नोकरीचा बाजारही असाच मिनिटांत मोजतात. घरातून तासाभरात जिथवर पोहोचता येतं, तेवढं आपलं वर्तुळ. वेग दुप्पट झाला तर त्रिज्या दुप्पट, पण क्षेत्रफळ चौपट! आठवडी बाजारात दुकानं वाढली की मनाजोगती वस्तू सापडते, तसंच हे. माणसाला जमणारं काम मिळतं, कंपनीला हवा तो माणूस, आणि घर हलवावं लागत नाही.

रूळ मात्र दोन्हीकडे जातात. नागपूर जवळ आलं की गावातल्या डॉक्टरचा पेशंट आणि सराफाचं गिऱ्हाईकही तिकडे वळतं. लहान गावाला हा फटका बसतोच.

मग वंदे भारत? बिलासपूर–नागपूर गाडी 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाली. साधारण 412 किलोमीटर, साडेपाच तास, वाटेत गोंदिया. व्यापाऱ्याला, तपासणीला येणाऱ्या रुग्णाला ती सोयीची. पण सकाळी बिलासपूरहून निघून ती नागपूरला पोहोचते दुपारी, शिवाय तिच्यात मासिक पास चालत नाही. गोंदियाच्या नोकरदाराला दहाच्या आत पोहोचवणारी साधी गाडीच अजून जास्त कामाची.